सर्चमध्ये दोन ठिकाणचे रिझल्ट एकाच यादीत मिसळणं बरोबर आहे का?

नेमकं_हवं:
आमच्या ऑनलाइन दुकानात सर्चला दोन इंजिनं आहेत, एक शब्द जुळवणारं बीएम२५ आणि दुसरं अर्थावरून शोधणारं वेक्टरवालं, आणि दोघांचं मिळून आरआरएफने, म्हणजे क्रमांकांवरून याद्या मिसळायच्या पद्धतीने, एकच यादी बनते. मला हे अजिबात पटत नाही. परवा एकाने टोनरचा मॉडेल नंबर अक्षर न अक्षर बरोबर टाकला, बीएम२५ने तो पहिला आणला, पण वेक्टरच्या पहिल्या शंभरात तो नव्हताच, मग काय, वर सगळे भलतेच टोनर. आरआरएफमध्ये प्रत्येक यादीतून १ भागिले (६० + क्रमांक) एवढे गुण मिळतात. म्हणजे एकाच यादीत पहिला आलेल्याला १/६१, आणि दोन्हीकडे ६०वा असलेल्याला २/१२०, जो जास्त आहे! करून बघा. माझं म्हणणं, दोन वेगळे कप्पे दाखवा, नेमकं जुळलेलं वर आणि मिळतंजुळतं खाली.

रांगेतला:
गणित बरोबर आहे पण उपाय चुकलाय. कप्पे केले की खालच्या कप्प्यापर्यंत कोण जातं? "पावसात भिजणार नाही अशी लॅपटॉप बॅग" असं शोधणाऱ्याला शब्द जुळवून काहीही मिळतं, पावसाळी टोपीसुद्धा, तिथे वेक्टरच कामाला येतं. आणि स्कोअरची थेट बेरीज करता येत नाही हो, बीएम२५ला वरची मर्यादाच नाही आणि वेक्टरवाल्याचा कोसाइन, म्हणजे अर्थ किती जवळचा ते सांगणारा आकडा, १च्या वर जात नाही. ० ते १ मध्ये बसवलं तरी एका वस्तूला ४० आणि बाकीच्यांना ५ ते ८ असेल तर बाकी सगळे ०.०९च्या खाली चेपले जातात. म्हणून तर २००९ मध्ये कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्युटशर यांनी फक्त क्रमांक धरणारी आरआरएफ मांडली, आणि ती ६०सुद्धा त्यांच्याच प्रयोगातली आहे, दुकानासाठी कुणी ठरवलेली नाही. मॉडेल नंबर दिसला की वेक्टरकडे जाऊच नका, बाकी वेळी मिसळा.

नेमकं_हवं:
मॉडेल नंबर ओळखणार कसा? लोक मधली डॅश गाळतात, स्पेस देतात, अर्धाच टाकतात.

रांगेतला:
डॅश-स्पेस काढून कॅटलॉगमधल्या नंबरांशी ताडून बघायचं, सुरुवात जुळली तरी चालेल. नियम साधा आहे पण मिसळण्याच्या आधी लावायचा, नंतर नाही.

तिसरी_यादी:
तुमचं दोघांचं दोन याद्यांवर चाललंय, आमच्याकडे बाहेरच्या विक्रेत्यांचा फीडही, म्हणजे त्यांच्या वस्तूंची यादीही, येतो आणि तिथे तीच वस्तू तीनदा, तीन वेगळ्या नावांनी. बारकोडवरून आधी एक करून घेतलं नाही तर कुठलीही पद्धत लावा, पहिलं पान एकाच मिक्सर-ग्राइंडरने भरतं. आणि दुसऱ्या पानाचं काय? प्रत्येक फीडमधून फक्त २० मागवून मिसळलेत तर पान दोनवर पहिल्या पानावरचीच वस्तू परत दिसते, किंवा एखादी दिसतच नाही. प्रत्येकाकडून एकदाच शंभरेक घ्या, मिसळा, ती यादी जपून ठेवा आणि त्यातूनच पानं काढा.

नेमकं_हवं:
बारकोडचं मान्य, ते आजच लावतो. नंबर ताडून बघायचंही करतो, पण नेमकी जुळलेली वस्तू पहिल्या जागेवरून हलली तर मी परत कप्पे मागणार.