एसव्हीयूचा नवा भाग नेमका कधी? वेळापत्रक कसं सांभाळायचं?

प्रश्न: न्यू जर्सीत 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू' ही गुन्हेतपासाची मालिका एनबीसी चॅनलवर गुरुवारी रात्री ९ला लागते. पण दोन भाग झाले की तीन आठवडे जुनेच. डीव्हीआरही (टीव्हीचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करणारं यंत्र) जुने भागच भरून ठेवतो. काय करावं?

उत्तर १: गणित साधं आहे. सप्टेंबरअखेर ते मे म्हणजे साधारण ३४ गुरुवार आणि भाग २२च्या आसपास. उरलेले आठवडे रिकामेच जाणार. थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारीच येतो, त्या दिवशी नव्याची आशा नको. नाताळातही खंड पडतो. हिवाळी ऑलिंपिक एनबीसीवर असलं की फेब्रुवारीही जातो. नोव्हेंबर आणि मे मात्र चुकवू नका, तेव्हाच्या प्रेक्षकसंख्येला जास्त महत्त्व देतात म्हणून चांगले भाग राखून ठेवलेले असतात.

उत्तर २: डीव्हीआरमध्ये 'फक्त नवे' आणि 'फक्त हेच चॅनल' दोन्ही निवडा. नाहीतर यूएसए चॅनलवर दिवसभर चालणारे जुने भाग डिस्क भरून टाकतात. तरीही गाइडमध्ये (पडद्यावरच्या कार्यक्रमपत्रिकेत) भागाचं नाव नसून नुसतं मालिकेचं वर्णन असेल, तर यंत्र त्याला नवाच समजतं. बुधवारी रात्री गाइड उघडून मूळ प्रसारणाची तारीख बघाच. शेवटाला ३० मिनिटं जास्तीची द्या. राष्ट्राध्यक्षांचं भाषण लांबलं की सगळं पुढे सरकतं आणि गुन्हेगार सापडायच्या आतच रेकॉर्डिंग तुटतं.

उत्तर ३: ८ची मूळ 'लॉ अँड ऑर्डर'ही लावून ठेवा हो. कधीकधी गोष्ट तिथे सुरू होऊन ९ला इथे संपते. एवढं करूनही हुकलंच, तर दुसऱ्या दिवशी पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर भाग येतो.