केमो कमी पडली असं नाही

वर निफाडच्या ताईंनी विचारलंय की काकांचा तळपायाचा मेलानोमा (त्वचेतल्या रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग) काढला, केमोही झाली, तरी जांघेत गाठ कशी आली, उपचारात हयगय झाली का. ताई, तो सल मनात ठेवू नका.

केमोची बरीच औषधं पेशीच्या डीएनएला इजा करतात. पुढे मरायचं काम पेशीनं स्वतःच करायचं असतं. मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, ते अपाफ-१ या प्रथिनाला चिकटतं, कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशी आतून मोडते. मेलानोमा नेमकी हीच साखळी तोडतो. एमसीएल-१ सारखी रक्षक प्रथिनं वाढतात, बिमसारखी मारक प्रथिनं नष्ट केली जातात. पसरलेल्या मेलानोमात अपाफ-१ चं जनुक अनेकदा बंद पडलेलं असतं, हे २००१ मध्येच प्रसिद्ध झालंय. मुळात रंगद्रव्याच्या पेशी उन्हाचा मारा सोसणाऱ्या, चिवट. त्यात प्रत्येक उपचारातून वाचतात त्या सर्वात हट्टी, आणि पुढचा आजार त्यांच्यापासूनच वाढतो.

आता डॉक्टरांना बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. तळपायाच्या मेलानोमात बीआरएएफमधला बदल तुलनेनं कमी सापडतो, त्यामुळे अशा बदलावर नेमका मारा करणाऱ्या गोळ्या चालतील की इम्युनोथेरपी (शरीराची रोगप्रतिकारशक्ती जागवणारा उपचार), हे त्यावरून ठरवायला मदत होते.

आणि बाकीच्यांनो, द्राक्षबागेत अनवाणी वावरणाऱ्यांचे तळवे बघत जा. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग म्हणजे कुरूप समजून ब्लेडनं कापू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.