मदत हवी आहे: परदेशात घरच्या घरी कटिंग-दाढी

नमस्कार मंडळी. हिवाळाभर लेकीकडे न्यू जर्सीत मुक्काम आहे. तिथे एका कटिंगला टिपसकट जे पैसे जातात, त्यात आमच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये कितीतरी महिने निघतात, वर चंपीही होते. म्हणून घरीच कापायचं ठरवलंय.

दाढी जमते. ३ मिमीचं गार्ड लावून आधी केसांच्या दिशेने, मग उलट मशीन फिरवलं की एकसारखी होते. डोक्याला बाजूंनी ६ आणि वर १३ मिमी लावतो, पण मधली पायरी दिसते, वाटी ठेवून कापल्यासारखी. ती कशी घालवायची? मधे १० मिमीचं गार्ड पुरे, की कंगव्यावर कात्रीच चालवावी लागते? आणि मानेवरची रेघ? मागे आरसा धरला की हात कुठे चाललाय तेच कळत नाही. बायको तयार आहे, पण तिचा उत्साह बघून माझा धीर होत नाही.

दुसरं, माझं मशीन वायरवर चालणारं, २२०-२४० व्होल्टचं. तिथे १२०. नुसत्या प्लगच्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही, तेव्हा यूएसबीवर चार्ज होणारं घ्यावं म्हणतो. विरळ, पांढऱ्या केसांवर कुणी वापरलंय का? मॉडेल सांगा. लिथियम बॅटरीचं असल्यामुळे ते केबिन बॅगेत ठेवीन, सेफ्टी रेझरची ब्लेडं चेक-इनमध्ये.

आणि बेसिनमध्ये केस जाऊ नयेत म्हणून खाली काय अंथरता तेही लिहा. घर जावयाचं आहे.