मुलीच्या बास्केटबॉलसाठी वायएमसीए कसं? सल्ला हवा आहे

सीवूड्सची आई:
लेक 12 वर्षांची आहे. गेल्या वर्षी घराजवळच्याच एका अकॅडमीत घातलं होतं. तीन महिन्यांची फी आगाऊ भरली, आणि पोरगी रोज कडेला उभी राहून स्पर्धेच्या टीमचे बॉल गोळा करून द्यायची. घरी आली की गप्प. आता मैत्रिणीने मुंबईत भायखळ्याजवळच्या आग्रीपाड्याचं वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) सुचवलंय. नावात 'ख्रिश्चन' आहे म्हणून सासूबाई विचारतात, प्रार्थनेला बसवतील का? आणि 'यंग मेन' म्हणजे मुलींना घेतात ना?

वाशीचा जुना खेळाडू:
ताई, मी तिथे सहा वर्षं खेळलो. प्रार्थनेला कुणी कधी बसवलं नाही. आमच्या बॅचमध्ये सगळ्या धर्मांची मुलं होती, मुलीही खेळायच्या.

संस्थेची सुरुवात मात्र प्रार्थनेतूनच झाली, हे खरं. 1844 साली लंडनमध्ये कापडदुकानात काम करणारा जॉर्ज विल्यम्स 22 वर्षांचा होता. दुकानातली पोरं दिवसभर राबायची, राहायची दुकानाच्याच माडीवर, आणि रात्री जायला दारूच्या गुत्त्याशिवाय जागा नाही. म्हणून बाराजणांनी मिळून बायबल वाचायला, प्रार्थनेला बसायला सुरुवात केली. व्यायामशाळा नंतर आल्या. शरीर, मन, आत्मा ही तिन्ही घडवायची, म्हणून त्यांच्या खुणेत त्रिकोण आहे.

आणि बास्केटबॉल त्यांच्याच घरचा! डिसेंबर 1891, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर थंडी, वर्गातली 18 मुलं कंटाळलेली. जेम्स नाइस्मिथ सरांनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या आणि नऊ-नऊजणांच्या दोन टीम केल्या. टोपलीला बूड होतं, त्यामुळे बॉल पडला की वर चढून काढायचा. व्हॉलीबॉलही 1895 मध्ये वायएमसीएतच जन्मला. आपल्याकडे मद्रासला हॅरी बक यांनी 1920 मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. देशभरातल्या कितीतरी पीटीच्या सरांची वंशावळ तिथवर पोचते.

ठाणे पूर्व:
इतिहास छान, पण सीवूड्सहून रोज कुर्ल्याला गाडी बदलून भायखळा? शाळा करून पोरगी दमेल. सुट्टीत तिथे शिबिर आहे का ते विचारा, एरवी नेरूळ-वाशीत शोधा. न सांगता संध्याकाळी सहाला जा आणि नवशिक्यांची बॅच बघत अर्धा तास बसा. किती मुलांमागे एक बॉल आहे ते मोजा. मुलींच्या हातात 6 नंबरचा बॉल आहे का, की मोठ्या मुलांचाच 7 नंबरचा दिलाय? आमच्या मुलीची बोटं त्यानेच दुखावली होती. आणि फी महिन्याचीच भरा.

वाशीचा जुना खेळाडू:
पटलं. एक भर घालतो. लेअप (धावत जाऊन टोपलीजवळून बॉल टाकणं) चुकल्यावर कोच काय बोलतात ते ऐका. आमचे सर बॉल परत हातात देऊन म्हणायचे, "डावा पाय आधी. परत."

सीवूड्सची आई:
दोघांचे आभार. धागा सासूबाईंना वाचून दाखवला. शनिवारी त्याही सोबत येतायत, बॉल मोजायला.