मधलं वर्तुळ काळं का?

एक प्रश्न आलाय की न्यूटनच्या वलयांत (सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवून वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या काळ्या-उजळ वर्तुळांत), जिथे भिंग काचेला टेकतं तिथे पथांतर, म्हणजे परतलेल्या दोन किरणांच्या वाटेतला फरक, शून्य, मग तिथे उजेड हवा ना? त्यावर कुणी दिलेलं ‘मध्य काळाच असतो, तो नियमच आहे’ हे उत्तर मला पटलं नाही.

दोन परावर्तनं वेगळी आहेत. भिंगाच्या तळाशी प्रकाश काचेतून हवेकडे जाताना परततो, तिथे फेज (लाटेची आंदोलनातली स्थिती) बदलत नाही. खालच्या काचपट्टीवर हवेतून काचेकडे जाताना परततो, तिथे π ने, म्हणजे अर्ध्या लाटेने, बदलतो. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका द्या. लाट उलटी होऊन येते, तसंच. म्हणून पथांतर शून्य असूनही मध्यभागी दोन लाटा एकमेकींना खोडतात आणि तो काळा दिसतो. हा भाग लहरींच्या धड्यात होऊन गेलेला असतो, पण प्रकाशिकीत कुणी त्याची आठवण करून देत नाही.

प्रकाश लहरींचा बनलेला आहे असं मांडणाऱ्या थॉमस यंगने हे फार सुंदर तपासलं. क्राउन काचेचं भिंग, खाली फ्लिंट काच, मध्ये ससाफ्रासचं तेल. अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचं माप) वरून खाली वाढत जातो, दोन्हीकडे फेज π ने बदलतो, आणि मध्यभाग उजळतो!

प्रॅक्टिकलला मध्यभाग काळा दिसला नाही तर बहुधा धूळ अडकलेली असते. घाबरू नका. वलयाच्या व्यासाचा वर्ग आणि क्रमांक यांचा आलेख काढा. चढ 4λR येतो (λ प्रकाशाची तरंगलांबी, R भिंगाच्या वक्रतेची त्रिज्या) आणि धुळीमुळे फक्त रेषा वर-खाली सरकते. पडताळ्यासाठी: R 100 सेमी, सोडियमचा 5893 अँगस्ट्रॉम प्रकाश, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास साधारण 4.9 मिमी.