ग्रिलमधल्या गुलाबाला खत कोणतं?

गिरगावकर: खिडकीच्या ग्रिलमध्ये 12 इंची कुंडीत देशी गुलाब आहे. पावसाळा संपला तशी पानं पिवळी पडली, कळ्या नाहीत. डीएपी घालू का? घरात मांजर आहे.

मुलुंडची मावशी: डीएपी म्हणजे नत्र:स्फुरद:पालाश 18:46:0, पालाश शून्य! कुंडीला नकोच. पावसाने नत्र वाहून गेलं असणार. आधी छाटणी, मग मूठभर कुजलेलं शेणखत. पालवी फुटली की 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला 2 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत मुळं करपतात. ऑक्टोबरच्या उन्हात तर दुपारी अजिबात नको.

गिरगावकर: आणि बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा?

बोरिवलीकर: मांजर कुंडी उकरेल! हातमोजे घाला, खत बंद डब्यात ठेवा.

मुलुंडची मावशी: कुंडीखाली ताटली ठेवा हो, खालच्यांचे कपडे वाळत असतात.