मदत हवी आहे : तिसरीची मुलं मी शेजारी नसले की वाचत-लिहीत नाहीत

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गात ३४ मुलं. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर, आया विड्या वळतात. घरात मराठी पुस्तक असलंच तर ते शाळेचं.

मी जवळ बसले की मुलं छान वाचतात, जोडाक्षरालाही अडत नाहीत. उठून पुढच्या बाकाकडे गेले की पानं उलटून नुसती चित्रं बघणं सुरू. लिहिण्याचं तर त्याहून अवघड. फळ्यावरचं उतरवताना अक्षर मोत्यासारखं. पण 'तुझ्या मनाने चार ओळी लिही' म्हटलं की 'बाई, फळ्यावर लिहा ना!'

म्हणून जूनपासून खिचडीनंतर १५ मिनिटं वाचनाला ठेवली. वर्गात सुतळी बांधून 'किशोर'चे जुने अंक आणि स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेल्या छोट्या गोष्टी चिमट्यांनी टांगल्या. ज्याला जे हवं ते त्याने काढून घ्यायचं, मीही तेव्हा माझं पुस्तक वाचते. निम्मा वर्ग आता रमतो. पण सहा-सात जण अजून अक्षराला अक्षर जुळवतात, त्यांच्यासाठी ती १५ मिनिटं म्हणजे नुसतं गप्प बसणं. त्यांना जोडीने, हळू आवाजात वाचू द्यावं, की तेवढा वेळ माझ्याजवळ घ्यावं?

दुसरी गोष्ट जास्त लागून राहिली आहे. एका मुलीने आपणहून लिहिलं : 'आई आकू भिजवते. मग कात्रीने कापते. मी दोरा देते.' आकू म्हणजे तेलुगूत पान. फळ्यावर नसलेलं असं तिने पहिल्यांदाच लिहिलं होतं. मी सवयीने 'आकू'भोवती लाल गोल केला, वर 'पान' लिहिलं. तेव्हापासून तिच्या वहीत 'माझी आई मला खूप आवडते' याच्यापुढे काही येत नाही. ती ओळ बिनचूक असते, पण तिच्यात तिची आई नाही.

आता 'मनाची वही' वेगळी करावी आणि तिला लाल पेन लावूच नये, असं वाटतंय. पण तपासणीला वह्या मागतात, तेव्हा ही वही कशी दाखवायची? आणि शुद्धलेखन मग कधी, कशातून घ्यायचं? अक्कलकोटकडे कन्नड बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा, तुम्ही मुलांचे घरचे शब्द वहीत राहू देता का?

सोमवारी तिची वही परत द्यायची आहे.